‘किती छान बारीक झालीस!’ – उपवास, डाएट आणि त्यांच्या आडोशाला वाढणारा आजार

धागाकर्ती: आहारवेल (नाशिक)

नवरात्र जवळ आलं की माझ्याकडे एक ठरावीक विचारणा सुरू होते. ‘नऊ दिवस कडक उपवास करायचाय, त्यात वजनही उतरेल असं काहीतरी लिहून द्या.’ मी कॉलेज रोडच्या बाजूला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. विचारणाऱ्या बहुतेक जणी मनापासून देवीचं करणाऱ्या असतात. वणीला पायी जातात, घट बसवतात, दसऱ्याला पुरणपोळी खाऊन मोकळ्या होतात. हा धागा त्यांच्याबद्दल नाही.

हा धागा त्यांच्यातल्या एखाद्याच मुलीबद्दल आहे. ती सोमवार धरते, मग गुरुवारही धरते, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्ष असं करत करत आठवड्यात धड जेवणाचा दिवसच उरत नाही. खिचडी केली तर ‘शेंगदाणे सोसत नाहीत’, भगर केली तर ‘आमटी नको, नुसती दे’. आई कौतुकाने सांगते, ‘आमची पोरगी भारी नेमाची आहे हो.’ ती पोरगी माझ्यासमोर बसलेली असते, ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून. बोटांची टोकं निळसर, गालांवर आणि हातांवर बारीक मऊ लव. केस विंचरताना हातात गुंता येतो म्हणून शाम्पू बदलून झालेला असतो.

अशा मुलीला मी डाएट चार्ट देत नाही. तिला आधी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ लागतात. चार्ट दिला तर तो तिच्या आजाराच्या हातात दिल्यासारखं होतं.

हे मोबाइलने आणलेलं नवं खूळ आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. रिचर्ड मॉर्टन नावाच्या इंग्रज वैद्याने 1689 मध्ये अशा दोन रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलंय, एक मुलगी आणि एक मुलगा. 1873 मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी वेगवेगळं हेच पुन्हा मांडलं, आणि स्वतःला उपाशी ठेवत राहण्याच्या या आजाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झालं. भराभर खूप खायचं आणि मग ते कसंही करून शरीराबाहेर काढायचं, या बुलिमियाचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये केलं. नुसतं बेभान खाणं, ज्यात नंतर उलटी वगैरे काही नसतं, त्या बिंज इटिंगला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळायला मात्र 2013 उजाडलं. म्हणजे आजार जुना आहे. मोबाइलने त्याला खतपाणी घातलं एवढंच.

आता मनाची बाजू. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांची मांडणी मला सगळ्यात पटते. माणूस स्वतःची किंमत बऱ्याच गोष्टींवरून ठरवतो. अभ्यास, काम, मैत्री, घरातली जागा, एखादी कला. या आजारात ही सगळी खाती बंद पडतात आणि वजन, आकार, ‘आज मी किती कमी खाल्लं’ एवढं एकच खातं चालू राहतं. त्यात चढउतार झाला की दिवस बनतो किंवा बिघडतो. म्हणून ‘अगं, तू छान दिसतेस’ याने तिच्या मनाला काहीही होत नाही. बोलणं पुन्हा दिसण्याच्याच खात्यात जमा होतं.

बहुतेकींचा स्वभाव आधीपासून काटेकोर असतो. वहीची कड सरळ, अक्षर मोत्यासारखं, नव्वद टक्के पडले तरी उरलेले दहा कुठे गेले म्हणून झोप नाही. चिंता पटकन लागते, पण बोलून दाखवत नाहीत. घरात कुणी आजारी असेल, भांडणं असतील, बारावीचं वर्ष असेल, सगळं हातातून निसटतंय असं वाटत असेल, तर निदान ताट तरी आपल्या हातात आहे हा मोठा आधार वाटतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचाही बराच वाटा दिसलाय. त्यामुळे ‘आईचं चुकलं’ हा निकाल कुणी देऊ नये. मी तो कधीच देत नाही.

आणि आरसा. हिल्डे ब्रुक या मानसोपचारतज्ज्ञांनी 1962 मध्येच लिहिलं होतं की या रुग्णांची स्वतःच्या शरीराची प्रतिमाच बिघडलेली असते. त्या खोटं बोलत नाहीत. हाडं दिसत असताना ‘माझं पोट बघा ना’ म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर पोट दिसतं. दिवसातून वीस वेळा मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून बघणं, बसल्यावर मांड्या किती पसरतात ते बघणं, किंवा उलट आरशावर ओढणीच टाकून ठेवणं, हे सगळं त्याच भीतीतून येतं.

अजून एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती कळली की घरच्यांचा राग निम्मा होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं ते शिकायचं होतं. 36 तरुण पुरुष स्वतःहून तयार झाले. शरीराने आणि मनाने धडधाकट, नीट पारखून घेतलेले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन सुमारे एक चतुर्थांश घटवलं. या माणसांना बारीक व्हायची कसलीही हौस नव्हती. तरी काय झालं? ती दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एका ताटाशी तासन् तास रेंगाळू लागली, ताटल्या चाटू लागली. चिडचिड वाढली, उदासी आली, मित्र नकोसे झाले, थंडी वाजायला लागली, नाडी मंदावली. पुन्हा भरपूर जेवण सुरू केल्यावरही काहींना कितीतरी दिवस पोट भरल्याचं कळेना.

म्हणजे आपण जे ‘तिचे नखरे’, ‘तिचा हट्टीपणा’ समजतो, त्यातला बराचसा भाग भुकेनेच मेंदूत घडवलेला असतो. उपाशी मेंदूला समुपदेशन फारसं पोचत नाही. आधी अन्न, मग बोलणं.

अनुभव लिहा, प्रश्न विचारा. एकच विनंती: वजनाचे आकडे, कॅलरीचे आकडे आणि लपवाछपवीच्या युक्त्या कुणी लिहू नका. असे धागे आजारी मुलीही वाचतात आणि त्यांना त्यातून नको ते मिळतं.

---

माई_पंचवटी

फार गरजेचा विषय. आमच्या वाड्यात पूर्वी अशी एक होती, सगळे म्हणायचे अंगात वारं शिरलंय. वाचनखूण साठवली आहे.

---

सातपूरकर

ताई, लेख चांगला आहे पण मला पटायला जड जातंय. आम्ही 72 चा दुष्काळ पाहिलाय. सुकडी खाऊन दिवस काढले, खडी फोडायला गेलो. तेव्हा ताटातलं उष्टं टाकायची कुणाची हिंमत नव्हती. भरल्या घरात पोर जेवत नाही तर बापाने एकदा दरडावून बसवलं की जेवते, असं माझं मत. ही भरल्या पोटाची दुखणी आहेत असं वाटतं. रागावू नका, मनात आलं ते लिहिलं.

---

आहारवेल

काका, रागवत नाही. दुष्काळ बघितलेल्या माणसाला ताटात पडून राहिलेली पोळी बघवत नाही हे मी समजू शकते.

पण ही दुखणी भरल्या घरांपुरती नाहीत. माझ्याकडे अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मुली येतात, ओझर-सिन्नरकडच्या शेतकरी घरातल्याही येतात. फरक एवढाच, की त्या ‘मी जाड आहे’ असं म्हणत नाहीत. ‘पोट फुगतं’, ‘घास उतरत नाही’, ‘गॅस होतो’ असं म्हणतात. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी 1990 च्या दशकात तिथल्या रुग्णांबद्दल हेच मांडलं होतं: जाड होण्याची भीती बोलून न दाखवणारेही अॅनोरेक्सियाचे रुग्ण असतात. आपल्याकडे अशा मुली आधी पोटाच्या डॉक्टरांकडे, मग सोनोग्राफीला, मग देवाला, मग कुठेतरी योग्य जागी पोचतात. मधे वर्ष निघून जातं.

दरडावण्याबद्दल: भीतीने चार घास आत जातात, पण भीती वाढते आणि लपवणं वाढतं. ठाम राहायचं, पण आवाज न चढवता. ते कसं, ते पुढे लिहिते.

---

गोदाकाठची

हे वाचून हात थरथरतायत. मी गंगापूर रोडला राहते. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. सगळं तुम्ही लिहिलंय तसंच आहे.

गेल्या वर्षी क्लासमध्ये कुणीतरी तिच्या गालांवरून चिडवलं. घरी आल्यावर ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून साखर बंद, मग पोळीला तूप बंद, मग भात बंद. आम्हाला वाटलं, चांगलंय, हेल्दी खातेय. तिच्या आत्याने तर गणपतीत सगळ्यांसमोर सांगितलं, ‘हिच्याकडून शिका, किती छान बारीक झालीस गं!’ त्या दिवशी ती खूप खूश होती. त्यानंतर रात्रीचं जेवण बंद झालं.

एक गोष्ट मला कळतच नव्हती ती आज कळली. गणपतीत तिने एकटीने सगळे मोदक केले. उकड स्वतः काढली, पाकळ्या अशा नाजूक की माझ्या आईलासुद्धा जमल्या नसत्या. प्रत्येकाला आग्रह करून तूप सोडून वाढलं. आम्ही खात असताना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. स्वतः एकही खाल्ला नाही. फोनवर दिवसभर केक आणि बिर्याणीचे व्हिडिओ बघते. मला वाटायचं, जिला खायची आवड नाही ती हे का बघेल?

जेवायला बसली की पोळीचे नखाएवढे तुकडे करते. आमची ताटं धुऊन होतात तरी ती तिथेच. पाळी चार-पाच महिने आलेली नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी परीक्षेचा ताण म्हणून गोळ्या दिल्या. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. नवरा म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत तर तू उगाच डोक्यात घेतेस. आता तिने नवरात्रीचे नऊ दिवस धरायचं जाहीर केलंय, आणि सासूबाई खूश आहेत. मी काय करू?

---

देवळालीचा_डॉक्टर

गोदाकाठच्या ताई, मी एमडी मेडिसिन आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून थांबण्यासारखं नाही एवढं स्पष्ट सांगतो. या आठवड्यात दाखवा.

रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून सगळं ठीक आहे असं या आजारात कधीच धरू नका. उपाशी शरीर बरेच दिवस रक्तातली पातळी सांभाळून ठेवतं आणि मग एकदम कोसळतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडवर भागत नाही. जे बघायचं ते असं: पडून आणि उभं राहून नाडी आणि रक्तदाब, शरीराचं तापमान, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर. उलट्या किंवा जुलाबाची औषधं घेण्याची शंका असेल तर पोटॅशियमला फार महत्त्व. ते खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे वजन अगदी व्यवस्थित दिसणाऱ्या मुलीतही होतं. ‘दिसायला तर ठीकच आहे’ या एका वाक्याने पुष्कळ उशीर झालेला मी बघितलाय.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, नाडी फार मंद, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पाणीही नको म्हणणं, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं – यातलं काहीही असेल तर वेळ घेऊन दाखवायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

आणि उलट बाजूची काळजी. घाबरून घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालायला जाऊ नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक जास्त अन्न मिळालं की फॉस्फेट झपाट्याने खाली येतं. त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. किती आणि कसं वाढवायचं ते रक्त तपासत तपासत ठरवतात.

पाळीबद्दल: गोळ्यांनी रक्तस्राव होईल, पण मूळ कारण तसंच राहील. हाडं याच वयात भरतात. अन्न कमी पडलं की पाळी थांबते आणि हाडांचं नुकसान सुरू होतं. पाळी चालू असेल तर आजार नाही असंही समजू नका, 2013 पासून निदानाच्या निकषांतून पाळी थांबण्याची अट काढून टाकली आहे.

---

आहारवेल

डॉक्टर, खूप आभार.

गोदाकाठची, आधी एक. मुलीला ‘मला कळलंय तू काय करतेस’ असं पकडल्यासारखं बोलू नका. ताट समोर नसताना, दोघीच असताना बोला. वजन आणि दिसणं हा विषय काढायचा नाही. ‘तुला सारखी थंडी वाजते, पाळी थांबलीय, रात्री झोप लागत नाही, मला काळजी वाटते, आपण डॉक्टरांकडे जाऊ’ एवढंच. ती नाही म्हणेल. बहुधा चिडेलही. या आजारात ‘मला काही झालेलं नाही’ असं मनापासून वाटणं हा आजाराचाच भाग आहे. तरी न्यायचं. ताप एकशे चारवर गेला असता तर तिची परवानगी मागितली नसती ना?

किशोरवयीन मुलांमध्ये सध्या सगळ्यात जास्त शास्त्रीय आधार आहे तो कुटुंबाला धरून केलेल्या उपचारांना. लंडनच्या मॉड्सले हॉस्पिटलमधून ही पद्धत पुढे आली. यात आईवडील काही काळ मुलीच्या जेवणाची सूत्रं पूर्ण हातात घेतात. काय, किती, कधी हे ते ठरवतात, शेजारी बसतात, जेवण पूर्ण होईपर्यंत उठत नाहीत. भांडण नाही, लाच नाही, टोमणे नाहीत. ‘मला कळतंय तुला हे फार कठीण जातंय. मी इथेच आहे. पुढचा घास घे.’ हेच पुन्हा पुन्हा. दमायला होतं, म्हणून दोघांनी मिळून करायचं. बाबांनी ‘तू उगाच डोक्यात घेतेस’ म्हणून बाजूला बसायचं हे यात चालत नाही. त्यांना हा धागा वाचायला द्या. तब्येत सावरली की थोडं थोडं करून सूत्रं मुलीकडे परत जातात.

आजार आणि मुलगी एक नाहीत, हे घरात सगळ्यांनी धरून चालायचं. ताट ढकलते तेव्हा तुमच्यावर ओरडणारी ती नसते, तिची भीती असते.

नवरात्रीबद्दल मी सरळ सांगते: या वर्षी उपवास नाही. सासूबाईंशी तुमच्या यजमानांनी बोलावं.

---

माई_पंचवटी

सासूबाईंशी कसं बोलावं ते मी सांगू का? माझं वय त्यांच्याएवढंच असेल. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या घट बसतात. आजारी माणसाने, लेकुरवाळीने, पोटुशीने उपवास धरायचा नाही हे मला माझ्या सासूने सांगितलं होतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तिच्या नावाने धरावा, तिने माळ बांधावी, आरती म्हणावी, कुमारिका म्हणून जेवायला बसावं. देवीच्या नवरात्रात कुमारिकेला जेवू घालतात, उपाशी ठेवत नाहीत. असं सांगितलं तर त्या ऐकतील. नाही ऐकलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः फोन करते.

---

सातपूरकर

माईंचं म्हणणं योग्य. उपवासाला दोष देऊ नये, पण कुणी धरायचा याला नेम आहे. डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. दरडावण्याचं माझं म्हणणं तूर्त बाजूला ठेवतो.

---

पहाटेचा_धावक

मुलींबद्दलच चाललंय म्हणून लिहितोय. मुलांमध्येही आहे, आणि आमच्यात तर कुणी बोलतच नाही.

मी सिडकोत राहतो, पोलीस भरतीची तयारी करायचो. छाती भरत नाही या भीतीने जिमला गेलो. दोन वर्षांत छाती भरली, पण डोक्यातलं थांबलं नाही. आरशात कायम काडीच दिसायची. उन्हाळ्यातही दोन टी-शर्ट एकावर एक घालायचो. मित्राच्या लग्नाला गेलो नाही, कारण तिथलं जेवण माझ्या डब्यात बसत नव्हतं. जिमचा एक दिवस चुकला की घरात कुणाशी बोलायचो नाही. पावडरींवर पैसे गेले, मग कुणीतरी इंजेक्शनं आणून दिली. घरचे अभिमानाने सांगायचे, पोरगा व्यसनी नाही, जिमला जातो.

पुढे एका समुपदेशकाने सांगितलं की याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. हॅरिसन पोप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1990 च्या दशकात बॉडीबिल्डरांमध्ये याचा अभ्यास केला. पहिल्यांदा त्यांनी याला उलटा अॅनोरेक्सियाच म्हटलं होतं. मला ते ऐकून रडायला आलं, कारण मला वाटायचं हे फक्त माझ्याच डोक्यात आहे.

आता पळतो. कृषीनगर ट्रॅकवर सकाळी येणाऱ्या मुली आपसात ‘अजून दोन किलो गेले की टायमिंग येईल’ असं बोलताना ऐकतो आणि भीती वाटते. सावरपाड्याच्या कविता राऊतमुळे आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरी पळायला लागल्या, ती केवढी अभिमानाची गोष्ट आहे. त्याच पोरी अर्धपोटी पळून हाडं मोडून घेतील तर काय उपयोग?

---

देवळालीचा_डॉक्टर

धावक, हे लिहिलंत म्हणून तुमचं मनापासून कौतुक. तुम्ही म्हणता त्या धोक्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये नाव दिलंय, थोडक्यात रेड-एस म्हणतात. व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडलं की पाळी थांबते, मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटतं, हाडांना बारीक भेगा पडतात, आणि वेळ सुधारण्याऐवजी बिघडते. पळणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर ‘व्यायामामुळे होतं तसं’ म्हणून कोचने आणि घरच्यांनी सोडून देऊ नये.

इंजेक्शनं घेतली असतील तर एकदा लिव्हर, लिपिड आणि हृदयाची तपासणी करून घ्या, लाजू नका.

---

दातांची_गोष्ट

दंतवैद्य आहे, थोडक्यात लिहिते. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली, गालांच्या मागे कानाखाली सूज, असं दिसलं की आम्हाला वारंवार उलट्यांची शंका येते. पुष्कळदा घरच्यांच्या आधी आम्हाला कळतं. मी आईला बाहेर बसवून मुलीशी बोलते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरा. आणि दंतवैद्याला खरं सांगा, आम्ही ओरडत नाही.

---

निनावी_पाखरू

नवीन आयडी काढून लिहितेय.

मला बुलिमिया होता. माझं वजन कधीच कमी दिसलं नाही, त्यामुळे कुणाला शंकासुद्धा आली नाही. हॉस्टेलला होते. दिवसभर जवळजवळ काही खायचं नाही, ‘आज मी चांगली वागले’ असं वाटायचं. रात्री खोलीतल्या मुली झोपल्या की घरून आलेला चिवड्याचा डबा, लाडू, पार्ट्नरचे बिस्किटांचे पुडे, कोरडा ब्रेड, जे हाताला लागेल ते. चव कळत नसायची. मधे थांबताच येत नसे, कुणीतरी दुसरंच खातंय आणि मी बघतेय असं वाटे. नंतर जे व्हायचं ते लिहीत नाही. मग शपथ, की उद्यापासून अजून कडक. ती शपथच पुढच्या रात्रीचं कारण असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात वाईट लाज असते. लोकांना वाटतं हावरट आहे, ताबा नाही. अहो, ताबा तर मी दिवसभर ठेवतच होते, दात-ओठ खाऊन.

बरं होण्याची सुरुवात फार साध्या गोष्टीने झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं, आणि समुपदेशक ताईंनी वजन-दिसणं सगळं बाजूला ठेवून एकच काम दिलं: दर तीन-चार तासांनी खायचं. भूक असो नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळी नाश्ता करायचाच. मला ते अशक्य वाटलं होतं. आदल्या रात्री एवढं खाल्लंय आणि परत पोहे? पण काही आठवड्यांत रात्रीचं ते वादळ कमी व्हायला लागलं. मग हळूहळू ‘बंदी’ घातलेले पदार्थ, एकेक, कुणाच्या तरी सोबतीने. पहिल्यांदा मिसळ खाल्ली तेव्हा मैत्रीण समोर बसली होती आणि आम्ही मुद्दाम दुसऱ्याच विषयावर बोलत होतो. पाव दुसऱ्यांदा मागवला.

आरशाचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश झालं. अजून पूर्ण झालेलं नाही. लग्नाचं बघतायत, स्थळांच्या अपेक्षांत ‘सडपातळ’ वाचलं की अजून पोटात गोळा येतो. पण आता त्या रात्री मी जेवते.

गोदाकाठच्या काकू, तुमच्या मुलीला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर व्यनि करा.

---

आहारवेल

पाखरू, तुझा प्रतिसाद मी कितीतरी वेळ नुसता बघत बसले होते. जप स्वतःला.

स्थळांच्या जाहिरातीतलं ‘सडपातळ’ हा विषय तू काढलास म्हणून सांगते. समाजाची नजर मनात कशी उतरते याचा एक अभ्यास आहे. फिजी बेटांवर पूर्वी अंगाने भरलेली बाई चांगली मानत. तिथल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधिकेने शाळेतल्या मुलींना टीव्ही आला तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये प्रश्न विचारले. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी करते असं सांगणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी 11.3 टक्के होत्या. तीन वर्षं! आणि तेव्हा हातात फोन नव्हते, चेहरा बारीक करून दाखवणारे फिल्टर नव्हते. बघणारी प्रत्येक मुलगी आजारी पडत नाही, ज्यांचं मन आधीच त्या उतारावर आहे त्या घसरतात. पण उतार आपण सगळे मिळून तयार करतो.

---

सुगरण_मावशी

मला एक विचारायचंय. दिवाळीत सगळी भाचरं जमतात. काय बोलायचं नाही ते कळलं. मग बोलायचं काय? आमच्या पिढीला ‘किती वाळलीस गं’ आणि ‘जरा भरलीस हं’ याशिवाय सुरुवातच करता येत नाही. प्रेमानेच म्हणतो.

---

आहारवेल

मावशी, प्रेमानेच म्हणता हे मलाही ठाऊक आहे. ‘आलीस का, कधीची वाट बघतेय’ म्हणा. गाडीत गर्दी होती का विचारा, कोणतं गाणं ऐकतेस विचारा. फराळाचं ताट पुढे ठेवा आणि विषय सोडा. कुणी किती घेतलं यावर पंगतीत बोलू नका, आणि स्वतःबद्दलही ‘आज पाप केलं, उद्या उपास’ असं मुलींच्या देखत म्हणू नका. त्या सगळं ऐकत असतात. कुणी बारीक झाल्याचं कौतुक करायला लागलं तर तुम्ही मोठ्या आहात, तिथल्या तिथे विषय बदला. तुमचं ऐकतील.

---

गोदाकाठची

यजमानांनी काल रात्री सगळा धागा वाचला. काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनीच डॉक्टरांची वेळ घेतली, उद्या दहाची आहे, दोघंही सोबत जाणार. मानसोपचारतज्ज्ञांची पुढच्या आठवड्यात मिळाली. सासूबाईंना माईंनी फोन केला होता, अर्धा तास बोलल्या. तिचे नऊ दिवस आता सासूबाई धरणार आहेत.

मुलगी खूप रडली. ‘तुम्ही मला जाड करणार’ म्हणाली. मग माझ्याच कुशीत झोपली.

पुढच्या आठवड्यापर्यंत मधेच काही झालं, रात्री-बेरात्री, तर कुणाला फोन करू? आणि उद्याच्या तपासण्यांना तिला उपाशी न्यायचं का?

---

देवळालीचा_डॉक्टर

मनाचं काही असेल, ती फार अस्वस्थ असेल किंवा तुम्हालाच बोलावंसं वाटलं, तर टेली-मानस, 14416. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शरीराची वर लिहिलेली लक्षणं दिसली तर फोनात वेळ घालवू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

उद्या सोबत न्यायचं: जुने सगळे रिपोर्ट, पाळीच्या तारखा, चालू गोळ्यांची नावं. वजन करताना तिची पाठ काट्याकडे करायला सांगा, आकडा मोठ्याने वाचू नका म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

ईसीजीला आणि मी लिहिलेल्या रक्ताच्या तपासण्यांना उपाशी जावं लागत नाही. सकाळी नाश्ता करून निघा, तिघांनी एकत्र बसून.